पिवळा ठिपका

इंजिनचं हेड उतरवायला अक्कल लागत नाही. बोल्ट ढिले करायचे, दोघांनी धरायचं आणि उचलायचं. भंगारवालासुद्धा उतरवतो. अक्कल लागते ती उतरवायच्या आधी आणि बसवून झाल्यावर. अठ्ठावीस वर्षं चाकणला तळेगाव रस्त्यावर गॅरेज चालवलं, आणि जो कोणी हाताखाली आला त्याला पहिल्या दिवशी मी हेच ऐकवलं. आधी एक नंबरचा पिस्टन टॉपला आण. कॅमचा गिअर आणि पट्टा यांची गाठ कुठल्या दातावर आहे ते बघ, खूण कर, मगच पाना लाव. काम झाल्यावर त्याच दातावर टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, जुळव. आणि स्टार्टरला हात लावायच्या आधी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरव. एक नाही, दोन. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. एका फेऱ्यावर थांबलास तर निम्म्या व्हॉल्व्हची आणि पिस्टनची गाठच पडत नाही. हाताखाली चुकलेली गाठ मग रस्त्यावर पडते.

आणखी एक नियम माझा स्वतःचा. ज्याने टायमिंग जुळवलं त्याने शेवटी गिअरवर आणि पट्ट्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. फार पूर्वी माझ्याकडे दोन मिस्त्री होते, एक इंजिन फुटलं आणि दोघेही म्हणाले, "मी नव्हतो." तेव्हापासून हा नियम. माझा रंग पांढरा. समाधानचा पिवळा. ऑइल पेंटचे दोन छोटे डबे फळीवर ठेवलेले, डावा माझा, उजवा त्याचा. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजवाल्याला हे ठाऊक होतं, आणि मी ते छाती फुगवून सांगायचो.

समाधान गेवराईकडचा. अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे आला तेव्हा त्याला पाना कुठल्या बाजूने धरायचा हेही माहीत नव्हतं. आता तेहतीस वर्षांचा, बायको, एक मुलगी, आणि कान असा की गाडी फाटकातून आत येताच कुठला टॅपेट वाजतोय ते सांगायचा. मी त्याला कधी चांगलं म्हटलं नाही. आपल्याकडे शिकवणारा माणूस चांगलं म्हणत नाही. पोर बिघडतं म्हणे.

गेली दोन वर्षं मला जग जरा धुरकट दिसायला लागलं होतं. मी म्हणायचो, चाकणची धूळ आहे, एवढे कंटेनर धावतात, कुणाला नाही धुरकट दिसणार? समाधान एकदा म्हणाला, "मिस्त्री, डोळे दाखवून घ्या एकदा." मी हसून सोडून दिलं. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा हातातला रिंगपाना भिंतीवर फेकला. "माझ्या बोटांना डोळे आहेत, समजलं? तू तुझं बघ." तिसऱ्यांदा तो म्हणाला नाही.

गेल्या दसऱ्याच्या आधी आमच्याकडे एक सतरा सीटची गाडी आली. पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या कँटीनच्या आणि पॅकिंगच्या बायकांना नेणारी. इंजिन तापून गॅस्केट गेलं होतं. ड्रायव्हर धम्मरत्न, सरळ माणूस, गाडीला स्वतःच्या म्हशीसारखं जपणारा. हेड उतरवलं, घासून सपाट करायला फेसिंगला पाठवलं, परत आणलं, तोवर खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही हत्यारं पुजतो. फळ्या रिकाम्या केल्या, धुतल्या, पाने आणि जॅक ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिलं. मग सगळं पुन्हा जागच्या जागी लावलं. फळी मी स्वतः लावली, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हतो.

दसऱ्याला संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या सुमनताई आपट्याची पानं घेऊन आल्या. कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायच्या, रोज हजारभर. याच गाडीने जायच्या, मागच्या सीटवर खिडकीजवळ. म्हणाल्या, "सोनं घ्या मिस्त्री, आणि आमची गाडी द्या लवकर. रिक्षानं जाऊन जाऊन कंबर मोडली माझी." मी म्हटलं, "शनिवारी घ्या." त्यांनी दिलेलं पान मी गणपतीच्या तसबिरीच्या चौकटीत खोचलं.

त्याच संध्याकाळी समाधानने मला सांगितलं की त्याला नोकरी लागली आहे. साधी नोकरी नाही. एका मोठ्या कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरला मुलांना इंजिन शिकवायची. मुलाखत होऊन गेली होती, शुक्रवारी मेडिकल होतं, एक तारखेला हजर व्हायचं. "तुमच्यामुळं झालं, मिस्त्री," असं म्हणून तो माझ्या पाया पडला. मी म्हटलं, "बरं झालं." एवढंच म्हटलं. आत जळत होतं. मी अकरा वर्षं घासून पुसून तयार केलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून फळ्यावर खडूने इंजिन काढणार, आणि मी इथे गाडीखाली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी मनात म्हणालो. कुणाचा बैल रिकामा झाला ते पुढे येईलच.

शुक्रवारी तो मेडिकलला गेला आणि त्या गाडीचं टायमिंग मी एकट्याने जुळवलं. एक नंबर टॉपला आणला, गिअरची खूण हेडवरच्या खाचेला लावली, पट्टा चढवला, ताणला. फळीवरून डावा डबा उचलून ठिपका दिला. मग क्रँकला पाना लावून एक फेरा दिला. दुसरा द्यायला लागलो तर पाना बोल्टवर नीट बसलाच नव्हता. निसटला आणि अंगठा सोलून निघाला. मी शिवी हासडली, अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि कव्हर बसवून टाकलं. दुसरा फेरा राहिला. अठ्ठावीस वर्षं लोकांना ज्याबद्दल शिव्या दिल्या तेच मी केलं, आणि अर्ध्या तासात विसरूनही गेलो. गाडी चालू झाली. जरा खडखडली, पण झाली.

समाधान चारच्या सुमाराला आला. मेडिकल पास. पेढ्यांचा पुडा आणला होता. त्याने गाडीकडे पाहिलं, कव्हरकडे पाहिलं, मला विचारलं, "फेरे दिले?" मी म्हटलं, "तू मला विचारणार आता?" त्याने पेढा काढून माझ्या हातावर ठेवला. मी लवकर घरी गेलो, गॅरेज त्याने बंद केलं. शनिवारी सकाळी धम्मरत्न गाडी घेऊन गेला.

मंगळवारी त्याचा फोन आला. "मिस्त्री, गाडी ओढत न्हाई. थरथरतीय पण."

"हेड नवीन बसलंय. चार दिवस चालव, बसेल आपोआप."

"आणून दाखवू का?"

"अरे बाबा, चालव म्हटलं ना!"

बुधवारी सकाळी पहिल्या शिफ्टला जाताना, नाशिक हायवेवर, ऐन मधल्या लेनमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून तुटला आणि इंजिन जाम झालं. गाडी जागच्या जागी अडली. मागून कंटेनर येत होता. बाकीच्यांचे हातपाय मोडले. मागच्या सीटवर, खिडकीजवळ बसलेल्या सुमनताई जागीच गेल्या.

कंटेनरवाला पळाला, तो आजतागायत सापडलेला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी मग उरलेल्यांची चौकशी सुरू झाली. गाडी अशी मध्येच का अडली, ते शोधायला विम्याचा सर्व्हेअर आला. पोलिसांच्या आवारात गाडी ओढून ठेवली होती. इंजिन उघडताना मला आणि समाधानला बोलावलं. मागच्या सीटचा नुसता चुरा झाला होता आणि पत्र्यात चपातीची एक निळी पिशवी अडकून राहिली होती. तिच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण दुसरीकडे कुठे बघायचं ते सुचत नव्हतं.

कव्हर निघालं. सर्व्हेअरने टॉर्च धरला. हुशार होता, एका मिनिटात म्हणाला, "टायमिंग एक दात चुकलंय. आणि हा ठिपका कुणाचा?"

मी वाकून पाहिलं. मला ठिपका दिसला, आणि मी "माझा" म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात सर्व्हेअर हवालदाराला सांगायला लागला, "लिहा, पिवळ्या रंगाचा ठिपका." मी पुन्हा पाहिलं. पिवळा म्हटल्यावर मला तो पिवळा दिसला. आता शपथेवर सांगतो, खरंच दिसला. डोळ्यात मोती वाढलेला असला की असंच होतं, समोरचा जे म्हणेल ते दिसतं.

आणि माझं डोकं भडकलं. मी शुक्रवारी पांढरा दिला होता. इथे पिवळा आहे. म्हणजे मी घरी गेल्यावर याने माझं काम उकललं. मेडिकल पास झाला ना, आता मिस्त्रीच्या कामात चुका काढणार! उघडलं, स्वतःच्या अकलेने जुळवलं, एक दात चुकवला, आपला रंग दिला. सगळं कसं चपखल बसत होतं. बसणारच, कारण तसं मानणं माझ्या सोयीचं होतं. सुमनताईंचं मरण माझ्या हातून झालेलं नाही आणि शहाणा समाधान शहाणा नाही, अशा दोन्ही गोष्टी मला एकदम मिळत होत्या.

मी सगळ्यांसमोर बोललो. "हा याचा रंग. मी पांढरा दिला होता. माझ्या पाठीमागे उघडलंय याने."

समाधानचा चेहरा पांढराफटक पडला. "मिस्त्री, मी उघडलंच न्हाई. कव्हरला हात लावला न्हाई मी."

"मग हा ठिपका काय आकाशातून पडला?"

तो मग हळूच म्हणाला, "तुम्ही पांढराच दिला व्हता का? नीट आठवून सांगा."

"आता तू मला रंग शिकवणार का रे?"

तो माझ्या डोळ्यांत बघत होता, एकातून दुसऱ्यात, जसं डॉक्टर बघतात. मग त्याने मान खाली घातली. त्यानंतर त्याने एकदाही "मी नव्हतो" म्हटलं नाही. मला वाटलं, पकडला गेला.

आमच्या रंगाचा नियम सगळ्या रस्त्याला माहीत होता. पोलिसांनी शेजारच्या दोन गॅरेजवाल्यांना विचारलं, दोघांनी सांगितलं, पिवळा समाधानचा. हातच्या कांकणाला आरसा कशाला! निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा त्याच्यावर लागला. तीन दिवस आत होता, मग जामीन झाला. एक तारीख आली आणि गेली. कंपनीने कळवलं की गुन्हा असलेल्या माणसाला घेता येत नाही. मी त्याचे पाने एका गोणीत भरून त्याच्या घरी पाठवून दिले. पिवळ्या रंगाचा डबा तेवढा फळीवर राहिला.

दिवाळी झाली. मी एकटा काम करत होतो. एका पिकअपचं इंजिन स्टँडवर घेतलं, हेड केलं, टायमिंग जुळवलं, ठिपका दिला. मालकाचं काही अडलं होतं, तो महिनाभर आलाच नाही. इंजिन तसंच उघडं राहिलं. पुढे पुढे मला पान्यावरचे आकडेही दिसेनात. एके दिवशी आमच्या बायकोच्या, मंजुळाबाईंच्या, ताटात भाताऐवजी मी मिठाची वाटी उपडी केली. त्यांनी आरडाओरडा केला नाही, दुसऱ्या दिवशी मला धरून पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षं तरी झाली असतील याला. एवढे दिवस काम कसं करत होतात?"

जानेवारीत ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं आणि आभाळ एवढं निळं असतं हे विसरलोच होतो असं वाटलं. माझा रोजचा शर्ट, जो मी दोन वर्षं मोतिया रंगाचा समजत होतो, तो पांढराशुभ्र निघाला. मंजुळाबाई हसल्या. मी पण हसलो. ते माझं शेवटचं हसणं.

चार दिवसांनी सकाळी गॅरेज उघडलं. शटर वर गेलं, उजेड आत आला, आणि समोर स्टँडवर पिकअपचं इंजिन. कॅमच्या गिअरवर ठिपका होता. हळदीसारखा पिवळा.

समाधान जाऊन दोन महिने झाल्यावर मी एकट्याने बांधलेलं इंजिन होतं ते.

मी फळीपाशी गेलो. डावा डबा उचलला. झाकण उघडलं. पिवळा. उजवा उघडला. पांढरा. खंडेनवमीला फळी मीच लावली होती. मी क्रँकला पाना लावला, फिरवला. पहिला फेरा गेला. दुसऱ्या फेऱ्यात, अर्ध्यावर, हाताला बारीकशी अडखळ लागली, लोखंडाला लोखंड टेकल्याची. एक दात. तोच एक दात.

तिथे मी काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. शेजारच्याला हाक मारायची, दाखवायचं, फोटो काढायचा. मी काय केलं ते सांगतो. मी रस्त्याकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. चिंधी घेतली, डिझेलमध्ये बुडवली आणि ठिपका पुसला. गिअरवरचा पुसला, पट्ट्यावरचा पुसला, डाग राहिला तो नखाने खरवडला. टायमिंग नव्याने जुळवलं आणि पांढरा ठिपका दिला. हात इतका स्थिर होता की माझाच मला राग आला. संध्याकाळी पिकअपवाल्याला फोन करून बोलावलं, इंजिन चढवलं, गाडी लावून दिली. मग घरी जाऊन आंघोळ केली आणि जेवलोसुद्धा.

तीन आठवडे मी असा जगलो. तसबिरीच्या चौकटीत खोचलेलं आपट्याचं पान वाळून तपकिरी झालं होतं, आणि आता मला त्याची शीर न् शीर दिसायची. देवाला हात जोडताना मी डोळे मिटून घ्यायला लागलो. मग एकदा शेजारचा गॅरेजवाला सहज म्हणाला, "तुमचा समाधान मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलतोय, बघितलं का?" मला ठाऊक नव्हतं. तो ज्या ज्या गॅरेजात काम मागायला गेला तिथे त्याच्याआधी त्याचा पिवळा रंग पोचला होता.

बाजाराचा दिवस होता. दुपारचं ऊन, ट्रकांच्या रांगा, सगळीकडे कांद्याचा उग्र वास आणि उडणारी टरफलं. समाधान एका ट्रकच्या मागे पाठीवर गोणी घेऊन उभा होता. डोक्यावरून मानेपर्यंत रिकामं पोतं ओढलं होतं. मला पाहिलं, गोणी आत टाकली आणि पुढे आला. त्याच्या डाव्या हाताचं एक नख काळं पडलं होतं.

"डोळं केलं वाटतं," तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. डबे, पिकअपचं इंजिन, दुसऱ्या फेऱ्यातली अडखळ. ठिपका पुसला तेही सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याला नवल वाटल्याचं दिसेना.

"मला म्हायती व्हतं, मिस्त्री," तो म्हणाला. "त्याच दिवशी कळलं. सर्व्हेअर पिवळा म्हणला आन् तुम्ही पुन्यांदा वाकून बघितलं. तुम्हाला रंगच दिसत न्हवता."

"मग बोलला का नाहीस? माझं तोंड का नाही फोडलंस तिथंच?"

तो पोत्यावर बसला. त्याने हाताला चिकटलेलं टरफल झटकलं.

"दोन वर्सं तुमच्यामागं फेरे देतोय मी. तुम्ही घरी गेले की कव्हर उघडायचं, दोन फेरे द्यायचे, बघायचं. तीनदा दात चुकलेला सापडला. तीनदा नीट केला. ठिपका तुमचाच ठेवायचा, पांढरा. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही गॅरेजच बंद केलं असतं. म्हणलं, कशाला. मोठं माणूस हाय."



"त्या दिवशी का नाही उघडलंस?"

"पेढे व्हते हातात," तो म्हणाला. "मेडिकल पास झालं व्हतं. पोरीला फोन केला व्हता, लवकर येतो म्हणून. तुम्हाला इच्यारलं, फेरे दिले का, तर तुम्ही चिडले. म्हणलं, एक दिवस ऱ्हाऊ दे. दोन वर्सांत तेवढाच एक दिवस." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तीनदा चूक सापडली तवाच मी चारचौघांत बोललो असतो तर सुमनताई आज चपात्या लाटत असत्या. मी गप्प बसलो. मंग चूक कुणाची, तुम्हीच सांगा."

"माझी," मी म्हटलं. "चूक माझी. मी आजच जाऊन सांगतो."

"नका जाऊ. काय उपेग न्हाई."

"तुझी नोकरी..."

"ती गेली," तो म्हणाला आणि उठला. मुकादम हाका मारत होता.

मी तिथून थेट पोलिसांकडे गेलो. तपास करणारे साहेब तरुण होते, समजूतदार होते. मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, टायमिंग मी चुकवलं, ठिपका मी दिला, डोळ्यात मोती होता, हे दवाखान्याचे कागद. त्यांनी कागद वाचले. मग हवालदाराकडे बघून हलकेच हसले.

"काका, तुमचं मन फार मोठं आहे. हाताखालच्या माणसासाठी एवढं कुणी करत नाही हल्ली."

"मन मोठं नाही साहेब. खरं सांगतोय."

"बरं. मग तुमच्या हातचं दुसरं एखादं इंजिन आहे, पिवळा ठिपका असलेलं?"

"होतं."

"कुठे आहे?"

"ठिपका मी पुसला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. मोतीबिंदू या वयात सगळ्यांनाच होतो. तुम्ही दोन वर्षं असेच काम करत होता म्हणता. ही एक गाडी सोडली तर या दोन वर्षांत तुमच्या हातची किती इंजिनं अशी बिघडली?"

"एकही नाही."

"एकही नाही. मग?"

मला वाटलं, आता पटेल. आता खरं काय ते सांगितलं की सुटेल समाधान. मी घाईघाईने म्हणालो, "ती बिघडली नाहीत ती त्याच्यामुळे, साहेब! मी घरी गेलो की तो माझी इंजिनं उघडायचा, तपासायचा, चुकलं असेल ते नीट करायचा. मला कळू न देता. आज त्याने स्वतः सांगितलं मला."

पंख्याखाली कागद फडफडत होते. हवालदाराने मान वर केली.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "तुमच्या पाठीमागे तो इंजिनं उघडायचा हे खरं आहे. आत्तापर्यंत या आरोपाला फक्त तुमच्या पहिल्या जबाबाचा आधार होता. लिहून घ्या हो."

"साहेब, तसं नाही. त्या दिवशी त्याने उघडलं नव्हतं."

"ते तुम्ही कसं सांगणार? तुम्ही तर घरी होता."

मी बोलत राहिलो. पेढ्यांचं सांगितलं, पोरीच्या फोनचं सांगितलं, डबे फळीवर कसे उलटे लागले तेही सांगितलं. हवालदार लिहीत होता, पण त्याला जेवढं हवं होतं तेवढं लिहून झालं होतं. शेवटी त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "वाचून बघा काका, चुकीचं काही असेल तर सांगा."

मला चष्मा लागला नाही. दोन वर्षांनी पहिल्यांदा मी एक अख्खा कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, अक्षर न् अक्षर स्वच्छ. सातव्या ओळीत लिहिलं होतं, समाधान हा मी बांधलेली इंजिने माझ्या माघारी, मला न सांगता, दोन वर्षांपासून उघडत असे. मी ती ओळ पुन्हा वाचली, मग तिसऱ्यांदा वाचली. त्यात खोटा असा एकही शब्द मला सापडला नाही.